दऱ्यांचा दर्या होतो तेव्हा: मालवणकडच्या एका मराठी संकेतस्थळाचे प्रकरण

मालवणजवळच्या एका निवास-न्याहरी व्यवसायाचे हे संकेतस्थळ. पाने पाचच: खोल्या, जेवण, सिंधुदुर्ग किल्ल्यावरचा एक लांब लेख, आसपासची ठिकाणे आणि भरती-ओहोटीचे कोष्टक. सगळा मजकूर मराठीत. पाने बांधली नव्या लॅपटॉपवर, ताज्या क्रोममध्ये. लेखाचे पहिले अक्षर तीन ओळींइतके मोठे, मथळ्यांतल्या अक्षरांत ऐसपैस अंतर, मजकुराला तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट आणि मथळे ठळक. लॅपटॉपवर सगळे देखणे दिसत होते.

दिवाळीच्या सुट्टीची आरक्षणे सुरू झाली आणि तक्रारी येऊ लागल्या. कार्यालयातल्या संगणकावर लेखाचे पहिले अक्षर पाय मोडलेल्या ‘क्’सारखे दिसते. आयफोनवर ओळी आधी एका फॉन्टात येतात, मग उडी मारतात. होडीवाल्याच्या जिओफोनवर पान तीन सेकंद कोरेच राहते. आणि एका पाहुण्याने विचारले, ‘सह्याद्रीच्या दर्या’ म्हणजे काय, सह्याद्रीला समुद्र कधीपासून आला?

पहिल्या तीन तक्रारी ब्राउझरांच्या आधाराच्या आहेत. चौथी तशी वाटत नाही, पण सर्वांत गंभीर तीच. बाकीच्यांत पान कुरूप दिसते किंवा उशिरा दिसते. चौथीत शब्दच बदलतो. म्हणून कामाचा क्रम ठरवताना कोणत्या ब्राउझरला काय येते या आधी प्रत्येक दोषाला एकच प्रश्न विचारला: हा दोष राहिला तर वाचणाऱ्याच्या हाती तोच शब्द पडतो का? पडत नसेल तर दुरुस्ती मूळ मजकुरात, सर्वांसाठी. पडत असेल तर ती नव्या ब्राउझरांपुरती, आणि जुन्यांना साधे रूप.

हाती असलेली यंत्रे

कोणते ब्राउझर सांभाळायचे हे जागतिक आकडेवारीवरून ठरवले नाही. पाने उघडणारी माणसे कोण आणि त्यांच्या हातात काय, हे पाहिले.

कार्यालयातला संगणक विंडोज ७ चा. त्यावर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही. जानेवारी २०२३ मधली ती आवृत्ती विंडोज ७ साठी शेवटची. नशीब असे की मोठ्या पहिल्या अक्षरासाठीचा इनिशियल-लेटर हा सीएसएसचा (पानाचे रूप सांगणाऱ्या नियमांचा) गुणधर्म क्रोमने ११० मध्ये आणला, म्हणजे एका आवृत्तीने हुकला. मथळ्याच्या ओळी सारख्या लांबीच्या पाडणारा टेक्स्ट-रॅप बॅलन्स तर ११४ मध्ये आला. त्याच संगणकावरचा फायरफॉक्स ११५ वर थांबलेला, आणि फायरफॉक्समध्ये बॅलन्स आला १२१ मध्ये. इनिशियल-लेटर फायरफॉक्समध्ये नाहीच.

अँड्रॉइड ६ चा जुना फोन क्रोम १०६ वर अडकतो, अँड्रॉइड ७ चा ११९ वर. आयफोन ७ ला आयओएस १५ च्या पुढे जाता येत नाही. इथे एक गैरसमज नेहमी होतो: ‘आयफोनवर सफारीत बिघडले तर क्रोममध्ये उघडा’. आपल्याकडे आयफोनवरचा क्रोम आतून सफारीचेच वेबकिट, म्हणजे पान रेखाटणारे इंजिन, वापरतो. नाव बदलते, दोष तोच राहतो.

आणि जिओफोन. त्यातले कायओएस २.५ फायरफॉक्स ४८ च्या काळातल्या गाभ्यावर चालते. पडदा २४० बाय ३२० पिक्सेल. ग्रिड (चौकटींची मांडणी) नाही, व्हेरिएबल फॉन्ट (एकाच फाइलीत अनेक वजने) नाही, फॉन्ट येईपर्यंत काय दाखवायचे हे सांगणारे फॉन्ट-डिस्प्ले नाही. पण वोफ२ हे फॉन्टाचे स्वरूप त्याला कळते. घोटाळा इथेच होतो: फॉन्ट उतरवायला तो सुरुवात करतो, पण तोवर काय दाखवायचे याची सूचना त्याला वाचता येत नाही.

दऱ्या आणि दर्या

ही दुरुस्ती आधी केली. मराठीत ‘र’ पुढच्या व्यंजनाला दोन प्रकारे जोडला जातो. ‘दर्या’त तो रफार होऊन वर बसतो, ‘दऱ्या’त डोळ्याच्या पापणीसारखा आडवा राहतो. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या घळी. कोकणात दोन्ही एकाच परिच्छेदात येणारच.

पापणीचा र संगणकावर दोन प्रकारे साठवता येतो. पहिला प्रकार: र, पाय मोडायचे चिन्ह, मग न दिसणारा जोडक (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणात २००डी), मग य. दुसरा: ऱ (युनिकोड ०९३१), पाय मोडायचे चिन्ह, मग य. लेखकाचा कळफलक पहिल्या प्रकाराने लिहीत होता. मजकूर जिथे साठवला जातो तिथे एक सफाईचा टप्पा होता, न दिसणारी चिन्हे काढून टाकणारा. अशी सफाई इंग्रजी मजकुरासाठी बरोबर आहे. तिथे असे चिन्ह बहुधा कुठूनतरी चिकटलेला कचरा असतो. मराठीत मात्र तिने जोडक खाल्ला, उरले र, पायमोड, य, आणि प्रत्येक ब्राउझरने इमानेइतबारे रफार काढला. म्हणजे ब्राउझर निर्दोष. पण तक्रार आली की पहिला संशय फॉन्टावर जातो आणि दोन दिवस फॉन्ट बदलण्यात जातात.

दुरुस्तीच्या तीन पायऱ्या. एक, साठवलेल्या मजकुरात र, पायमोड, जोडक ही मालिका शोधून तिथे ऱ आणि पायमोड घालायचे. त्यात न दिसणारे काहीच नसल्याने पुढची अशी कोणतीही सफाई ते पुसू शकत नाही. दोन, सफाईच्या टप्प्यात देवनागरी अक्षरांच्या मधले २००सी आणि २००डी ही दोन चिन्हे राखायची, कारण जोडाक्षर मुद्दाम उलगडून दाखवायलाही ती लागतात. तीन, पानावर शोधाची सोय असेल तर वाचकाने टाइप केलेला शब्दही त्याच एका रूपात आणून मग शोधायचा; नाहीतर ‘दऱ्या’ लिहिणाऱ्याला ‘दऱ्या’ सापडत नाहीत. आधीच पुसले गेलेले शब्द मात्र कोणत्याही यंत्राला परत आणता येत नाहीत. ते डोळ्यांनी वाचूनच सुधारावे लागतात: वाऱ्यावर, किनाऱ्याला, चऱ्हाट, पुन्हा वाऱ्यावर.

याच्या शेजारचाच एक दोष फॉन्टाच्या व्याप्तीत होता. फॉन्ट तुकड्यांत द्यावा म्हणून युनिकोड-रेंज, म्हणजे कोणत्या क्रमांकांची अक्षरे या फॉन्टातून घ्यायची ती व्याप्ती, लिहिली होती ती फक्त ०९०० ते ०९७एफ. देवनागरीचा गट तेवढाच, हे खरे. पण मराठी पान तेवढ्यावर चालत नाही. ती दोन न दिसणारी चिन्हे २००सी-२००डी वर, रुपयाचे चिन्ह २०बी९ वर, आणि सुटी मात्रा दाखवणारे ठिपक्यांचे वर्तुळ २५सीसी वर. खोलीच्या भाड्यापुढचे ₹ दुसऱ्याच फॉन्टातून येऊन आखूड दिसत होते ते यामुळे. स्वल्पविराम, पूर्णविराम आणि अवतरणचिन्हे लॅटिन गटात येतात, म्हणून त्याच फॉन्टाचा लॅटिन तुकडाही द्यावा लागतो, पान कितीही शुद्ध मराठी असले तरी.

पहिले मोठे अक्षर

किल्ल्याचा लेख ‘क्षितिजावर’ या शब्दाने सुरू होतो. फर्स्ट-लेटर या निवडकाने ‘पहिले अक्षर’ उचलायचे. पण पहिले अक्षर म्हणजे काय? मराठी वाचकाला ते ‘क्षि’ आहे, यात वाद नाही. युनिकोडच्या अक्षरगट ठरवण्याच्या नियमांत मात्र देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायची तरतूद १५.१ या आवृत्तीत, सप्टेंबर २०२३ मध्ये आली. त्याआधीच्या नियमांवर चालणारा ब्राउझर ‘क्’ला एक गट मानतो आणि ‘षि’ला दुसरा. क्रोम १०९ जानेवारी २०२३ चा. मग ११५ पिक्सेलचा पायमोडका क् आणि त्याच्या बाजूला १८ पिक्सेलचे ‘षितिजावर’, असे दृश्य कार्यालयात दिसले त्यात नवल नाही.

इथे ॲट-सपोर्ट्सची, म्हणजे ‘हे तुला येते का’ असे ब्राउझरला विचारणाऱ्या अटीची, मर्यादा दिसते. ‘फर्स्ट-लेटर येते का?’ असे विचारले तर जुना क्रोम हो म्हणतो, आणि ते खोटे नाही. त्याला ते येते, फक्त मराठीत येत नाही. सपोर्ट्स ओळ समजली का एवढेच सांगते. नीट उमटेल का, हे सांगत नाही. आधाराच्या तक्त्यांतले हिरवे चौकोनही बहुतेक लॅटिन नमुन्यांवर तपासलेले असतात, हे देवनागरीत काम करणाऱ्याने विसरू नये.

इनिशियल-लेटरमध्ये दुसरीही अडचण होती. त्याची नेहमीची जुळणी लॅटिन मोठ्या अक्षराच्या डोक्याशी असते. देवनागरीत मोठ्या अक्षराची शिरोरेषा पहिल्या ओळीच्या शिरोरेषेशी जुळायला हवी. प्रमाणात त्यासाठी ‘हँगिंग’ ही जुळणी सांगितलेली आहे, पण क्रोमने गुणधर्म आणला तेव्हा ती आणली नाही. शिरोरेषा दोन मिलिमीटर वर गेली तरी देवनागरी वाचणाऱ्याला ती लगेच खुपते, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांत एकच दोरी सोडून लटकावा तशी.

म्हणून दोन्ही सोडून जुनाच मार्ग घेतला: पहिले अक्षर सर्व्हरवरच वेगळ्या स्पॅनमध्ये (मजकुराच्या तुकड्याभोवतीच्या खुणेत) बांधायचे आणि त्याला फ्लोट द्यायचा, म्हणजे ते कडेला राहते आणि मजकूर बाजूने वाहतो. अक्षर उचलायचा नमुना असा: व्यंजन, असल्यास नुक्ता (अक्षराखालचे टिंब), पायमोड, असल्यास जोडक, हे शून्य किंवा अधिक वेळा, मग एक व्यंजन, मग मात्रा, मग अनुस्वार, चंद्रबिंदू किंवा विसर्ग. शब्द स्वराने सुरू होत असेल तर स्वर आणि त्याचा अनुस्वार. ब्राउझरच्या नियमांवर काहीच सोडलेले नसल्याने क्रोम १०९ मध्येही ‘क्षि’ अखंड राहतो.

आकार अंदाजाने देऊ नये. मजकूर १८ पिक्सेल आणि ओळीची उंची १.७५, म्हणजे एक ओळ ३१.५ पिक्सेल. मोठे अक्षर पहिल्या ओळीच्या शिरोरेषेपासून तिसऱ्या ओळीच्या तळरेषेपर्यंत जायला हवे: दोन ओळींचे ६३, अधिक तळरेषेपासून शिरोरेषेची उंची. ही उंची प्रत्येक फॉन्टात वेगळी, मोजूनच घ्यावी. समजा अक्षराच्या आकाराच्या ०.६५ पट आली, तर १८ पिक्सेलला ती ११.७. बेरीज ७४.७, तिला ०.६५ ने भागले की ११५ पिक्सेल. उरलेले वर-खाली सरकवणे मार्जिन-टॉपने.

वेलांटी शिरोरेषेच्या वर जाते, तिला वर जागा ठेवली की भागते. उकार खाली चौथ्या ओळीत घुसतो, त्याला उपाय नाही. म्हणून साच्यात नियम घातला: पहिल्या अक्षराला उकार किंवा ऋकार असेल तर मोठे अक्षर करायचेच नाही. ‘कुडाळ’ने सुरू होणारा लेख साधाच सुरू होतो. पडदा ५०० पिक्सेलपेक्षा अरुंद असेल तरीही नाही. फोनवर ते अक्षर ओळीचा तिसरा हिस्सा खाते. आणि शब्दाचे दोन तुकडे झाल्याने अंधांसाठी पान मोठ्याने वाचणारे काही स्क्रीन रीडर ‘क्षि, तिजावर’ असे तोडून वाचतात, म्हणून दिसणारा शब्द त्यांच्यापासून लपवून अखंड शब्द दृष्टीआड ठेवला.

फॉन्ट कोणाला द्यायचा

देवनागरी फॉन्टात जोडाक्षरांची शेकडो चित्रे असतात, त्यामुळे फाइल लॅटिनपेक्षा जड. समजा १५० किलोबाइटची फाइल आणि खाडीच्या तोंडाशी, जिथे कातळाच्या आड रेंज येते-जाते, २०० किलोबिटचा वेग. १५० गुणिले ८, भागिले २००: सहा सेकंद. फॉन्ट-डिस्प्ले स्वॅप लिहिले तर मजकूर लगेच यंत्रातल्या फॉन्टात दिसतो आणि नंतर बदलतो. ही सूचना क्रोम ६०, फायरफॉक्स ५८, सफारी ११.१ पासून कळते. जिओफोनला कळत नाही, म्हणून तो तीन सेकंद कोरी जागा दाखवतो.

मग जिओफोनला फॉन्ट देऊच नये, पण ओळखायचे कसे? ॲट-सपोर्ट्समध्ये फॉन्ट-डिस्प्ले विचारून उपयोग नाही, कारण तो गुणधर्म नव्हे, फॉन्ट-फेसच्या (फॉन्टाची फाइल सांगणाऱ्या नियमाच्या) आतला वर्णक आहे; असे वर्णक सपोर्ट्सला तपासता येत नाहीत. म्हणून शेजाऱ्याला विचारायचे. फॉन्ट-व्हेरिएशन-सेटिंग्ज हा गुणधर्म क्रोम ६२, फायरफॉक्स ६२ आणि सफारी ११ मध्ये आला, जवळजवळ त्याच सुमारास. बाहेर मजकुराला नुसते सॅन्स-सेरिफ, म्हणजे यंत्रातलाच फॉन्ट. ‘फॉन्ट-व्हेरिएशन-सेटिंग्ज: नॉर्मल’ या अटीच्या आत तिरोचे नाव, आणि मोठ्या अक्षराचे नियमही तिथेच, कारण त्यांची मापे तिरोची. फॉन्ट-फेस बाहेर राहिला तरी चालते: ज्या फॉन्टाचे नाव कुठे लागू झाले नाही तो ब्राउझर उतरवत नाही. तिरोमध्ये व्हेरिएबल काहीही नाही, गुणधर्म फक्त दारावरची ओळख म्हणून वापरला आहे. नियमाशेजारी तशी टीप हवीच, नाहीतर पुढचा माणूस ‘निरुपयोगी’ म्हणून काढून टाकेल.

आयफोनवरची उडी. बदलीच्या फॉन्टाचा आकार जुळवणारे साइझ-ॲडजस्ट सफारीत १७ पासून आहे. वरखालच्या उंच्या जुळवणारे असेंट-ओव्हरराइड सफारीने घेतलेलेच नाही. आयफोन ७ ला दोन्ही नाहीत. उभी उडी कमी करायचा सर्वांना चालणारा उपाय म्हणजे ओळीची उंची एककाशिवाय, स्पष्ट आकड्यात लिहिणे. ती ‘नॉर्मल’ ठेवली की प्रत्येक फॉन्ट आपापली उंची घेतो, आणि देवनागरी फॉन्टांत हा फरक मोठा असतो. १.७५ लिहिल्यावर ओळी जागच्या जागी राहतात. रुंदीमुळे एखादा शब्द खालच्या ओळीत जातो तेवढेच. साइझ-ॲडजस्टचा आकडा काढायला एकच लांब ओळ दोन्ही फॉन्टांत न मोडता लावून रुंदी मोजावी: तिरोत ६४० आणि यंत्रातल्या फॉन्टात ६०० आली तर १०६.७ टक्के. विंडोजवरचा निर्मला, ॲपलकडचा कोहिनूर आणि अँड्रॉइडवरचा नोटो यांचा आकडा वेगवेगळा येतो, एकच सर्वांना लावू नये.

ठळक मथळे, तुटलेली शिरोरेषा

तिरो देवनागरी मराठीत ठळक वजन नाही. मथळ्याला ब्राउझर आपणहून ठळक मागतो, फॉन्टाकडे ते नसते, मग ब्राउझर रेषा फुगवून खोटे ठळक बनवतो. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’ यांच्या पोकळ्या बुजतात. फॉन्ट-सिंथेसिस नन लिहून हे थांबते, पण क्रोममध्ये ९७ पासूनच. मथळ्याला थेट साधे वजन दिले की कुठलाच प्रश्न उरत नाही. ठळक हवेच असेल तर मथळ्यांना मुक्ता हा फॉन्ट घ्यावा, त्याला सात वजने आहेत.

अक्षरांतल्या अंतराबद्दल थोडक्यात. लेटर-स्पेसिंग सर्व ब्राउझरांना येते आणि देवनागरीत शिरोरेषा तोडते. ‘किल्ले सिंधुदुर्ग’ दात पडलेल्या फणीसारखे दिसत होते. मराठी मजकुरावर ते शून्य.

पानाच्या मुळाशी भाषा इंग्रजी लिहिलेली होती, तयार साच्यातून आलेली. ती मराठी केल्यावर, फॉन्टात सोय असेल तर, ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. एका शब्दाचे काम.

भरतीचे कोष्टक

जुने होडीवाले तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. कोष्टक लागते ते पाहुण्यांना. त्यात आकडे एकाखाली एक यावेत म्हणून टॅब्युलर-नम्स, म्हणजे समरुंद आकडे मागणारी सूचना, लिहिले होते. सपोर्ट्स हो म्हणते, सगळे ब्राउझर हो म्हणतात, आणि तरी ‘११:१५’ आणि ‘०५:४०’ मधला अपूर्णविराम सरळ रेषेत येत नाही. कारण समरुंद आकडे फॉन्टात असावे लागतात, आणि असले तरी अनेकदा फक्त लॅटिन आकड्यांसाठी असतात. तास आणि मिनिटे वेगळ्या खणांत ठेवली: तास उजवीकडे टेकवलेले, मिनिटे डावीकडे. जिओफोनवरही रांग सरळ येते. उधाणाच्या ओळी ठळक न करता त्यांना फिकी पार्श्वभूमी दिली.

दुव्यांखालची रेघ उकारांशी तुटते, तिला टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेटने ०.३ एम (अक्षराच्या आकाराच्या ०.३ पट) खाली ढकलले. जुन्यांत ती तुटकीच राहते आणि राहू दिली. खोल्यांच्या वर्णनाला तीन ओळींची कातरी (तीन ओळींनंतरचा मजकूर झाकणारा नियम) लावलेली होती, तिथे शेवटच्या ओळीचे उकार अर्धे कापले जात होते, खाली ०.२५ एम पॅडिंग दिल्यावर ते पूर्ण दिसले.

तपासणीची ओळ

दर बदलानंतर हीच ओळ वेगळ्या पानावर लावून पाचही यंत्रांवर पाहिली जाते: ‘क्षितिज, दऱ्या, दर्या, किनाऱ्यावर, र्‍हस्व-ऱ्हास, कुऱ्हाड, ज्ञानेश्वर, उद्ध्वस्त, लाल शाल, ₹ १,५००, ११:१५’. ‘र्‍हस्व’ मुद्दाम जोडक घालून लिहिलेला आहे. तो रफार होऊन आला की सफाई पुन्हा कुणीतरी सुरू केली, हे लगेच कळते.

टेक्स्ट-रॅप बॅलन्सला मात्र पर्याय लिहिला नाही. कार्यालयातल्या संगणकावर ‘पावसाळ्यात किल्ल्यावरच्या होड्या बंद’ या मथळ्यातला ‘बंद’ अजून एकटाच खालच्या ओळीत पडतो.